पहिल्या पाच जणी

क्रिकेटचा संघ निवडण्यात आपण सारेच तरबेज आहोत. निवड समितीने कोणाला वगळले आणि कोणाला उगाच घेतले, याची चर्चा आपल्या घराघरांत होते. परंतु महाविद्यालयातील मुलींच्या बास्केटबॉल संघात येत्या हंगामात कोण खेळणार, हा प्रश्न फार थोड्या घरांत उपस्थित होत असेल. गेल्या आषाढात मी भिलाईस माझ्या ताईकडे गेलो होतो. तेथे असा एक संघ सायंकाळच्या चहाबरोबर माझ्यादेखत निवडला गेला. त्या निवडीत जे आढळले, ते वाचकहो, आज आपणांपुढे ठेवीत आहे.

नागपूरहून हावड्याकडे निघालेली गाडी गोंदिया, डोंगरगड आणि राजनांदगाव मागे टाकून दुर्गला पोहोचते. दुर्गला लागूनच भिलाई आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पुढे नोकरीच्या निमित्ताने कितीतरी मराठी कुटुंबे या गावी येऊन स्थिरावली. कारखान्याने वसविलेल्या या गावात बास्केटबॉलही रुजला. पंत स्टेडियमवर प्रशिक्षक राजेश पटेल यांनी वर्षानुवर्षे मुलींना घडविले आणि छत्तीसगडच्या मुलींचे नाव देशभर झाले. पावणेसात फुटांहून अधिक उंचीच्या पूनम चतुर्वेदी मूळच्या कानपूरच्या, परंतु खेळ शिकण्यासाठी त्या भिलाईस आल्या. पटेल २०१८ साली निवर्तले. तथापि त्या गावी खांद्यावर बूट टांगून सरावाला निघालेली मुलगी दिसली, तर आजही कोणी वळून पाहत नाही.

माझी भाची अशांपैकीच एक. ती महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. त्या सायंकाळी तिने जुन्या कॅलेंडरचे पान उलटे करून त्यावर नावे लिहावयास घेतली. मी सहज म्हणालो, "ज्या पाच जणी सर्वांत चांगल्या, त्यांची नावे लिही म्हणजे झाले."

ती हसून म्हणाली, "मामा, तसा संघ होत नाही. आधी गेलेल्या मोजायच्या, मग आलेल्या, आणि मग जागा पाहायच्या."

तिची रीत मला पटली. या खेळात संघात बारा खेळाडू असतात, पण मैदानावर एका वेळी पाचच उतरतात. दहा दहा मिनिटांचे चार भाग होतात. चेंडू हाती आल्यापासून चोवीस सेकंदांत तो टोपलीकडे फेकावा लागतो आणि एखादीचे पाच फाउल झाले की तिला उरलेला सामना बाहेर बसून पाहावा लागतो. त्यामुळे पाच उत्तम खेळाडू एकत्र केले की उत्तम संघ झाला, असे होत नाही. चेंडू पुढे नेऊन खेळ चालविणारी पॉइंट गार्ड एक हवी. दुरून नेम साधणारी एक हवी. ३.०५ मीटर उंचीवरील कड्याखाली ठाण मांडून परतलेला चेंडू पकडणारी सेंटर हवी. उरलेल्या दोघी फॉरवर्ड, म्हणजे धावत आत शिरणाऱ्या आणि धक्के सोसणाऱ्या.

गेल्या वर्षीची सेंटर आणि पॉइंट गार्ड या दोघी पदवी घेऊन बाहेर पडल्या होत्या. सेंटरच्या जागी जगदलपूरहून नव्याने आलेली एक उंच मुलगी भाचीने लिहिली. तिच्या नावापुढे तिने शेराही मारला की, पहिल्या दोन सामन्यांत ही फाउलमध्ये अडकेल, म्हणून जुनी बदली सेंटर तयार हवी. दोन्ही फॉरवर्ड गेल्या वर्षीच्याच. दुरून नेम धरणारी वाणिज्य शाखेची डावखुरी मुलगी सर्वांना ठाऊक होती. परंतु भाचीने तिला त्या जागेवरून काढून पॉइंट गार्ड केले आणि तिच्या जागी एका फॉरवर्डला मागे ओढले. मग फॉरवर्डची एक जागा रिकामी पडली, तेथे तिने प्रश्नचिन्ह काढले.

मला खेळाचे फारसे कळत नाही; पण गेल्या वर्षी बदली पॉइंट गार्ड म्हणून कोण खेळत असे, ते मला ठाऊक होते. मी विचारले, "आणि तुझे नाव?"

"मी यंदा नाही जाणार."

ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "तुला नको कोणी म्हटले?"

"कोणीच नाही," ती म्हणाली. तिच्या स्वरात तक्रार नव्हती.

वाचकहो, ते उत्तर अक्षरशः खरे होते. वैशाखात तिच्या आजी घसरून पडल्या आणि त्यांचे मांडीचे हाड मोडले. आता त्या काठीने चार पावले टाकतात, पण सायंकाळी त्यांना हात धरून फिरवावे लागते, औषध द्यावे लागते. ताई बँकेतून सातला परतते. भाऊजींची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. धाकटा भाचा बारावीला आहे, त्याचा शिकवणीवर्ग. सराव पाच ते सात. या सर्वांच्या वेळांत जी सायंकाळ रिकामी दिसली ती मुलीची होती, आणि सर्वांनी ती गृहीत धरली. मीही निराळा नव्हतो. माझ्या हातातला चहाही तिनेच केलेला होता.

मुलींच्या या खेळाचा इतिहासही असाच आहे. १८९१ साली जेम्स नेस्मिथ यांनी अमेरिकेत स्प्रिंगफिल्ड येथे बास्केटबॉल शोधून काढला. पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो स्मिथ महाविद्यालयातील मुलींना शिकविला. मुलींना फार धावणे झेपणार नाही अशी त्या काळची समजूत होती. म्हणून मैदानाचे तीन भाग पाडून, आपला भाग कोणी ओलांडावयाचा नाही, असा नियम झाला. मुलांचा बास्केटबॉल १९३६ साली ऑलिम्पिकमध्ये आला, तर मुलींचा १९७६ साली. मधली चाळीस वर्षे मुलींना खेळता येत नव्हते असे नाही. अमेरिकेत सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत मुलगी म्हणून भेद करावयाचा नाही, असा कायदा १९७२ साली झाला आणि तेथील महाविद्यालयांत मुलींचे खेळ झपाट्याने वाढले. मुली त्याच होत्या. त्यांच्यासाठी मैदान आणि वेळ राखून ठेवला गेला, एवढाच फरक. आपल्याकडे पुण्याच्या शिरीन लिमये भारतीय संघातून खेळल्या, त्यांच्याविषयी आपण अभिमानाने बोलतो. पण ज्या मुलींची नावे यादीत चढण्यापूर्वीच गळतात, त्यांची मोजदाद होत नाही, कारण त्यांना कोणी वगळलेले नसते.

भाचीच्या त्या पानावर मला आणखी एक गोष्ट दिसली. तिने स्वतःचे एकच नाव काढले होते, परंतु त्यामुळे पाचांपैकी तीन जागा हलल्या होत्या. नेमबाज मुलीला चेंडू वाहून न्यावा लागणार, फॉरवर्डला परक्या जागी खेळावे लागणार आणि एक जागा रिकामीच.

भाऊजी इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "ते पान इकडे आण." रिकाम्या कोपऱ्यात त्यांनी तीन आठवड्यांच्या पंधरा सायंकाळी मांडल्या. पहिली शिफ्ट दुपारी दोनला सुटते, रात्रपाळी दहाला सुरू होते. म्हणजे त्या दोन आठवड्यांत पाच ते सात ते घरीच असतात. दहा सायंकाळी सुटल्या. "मला कोणी विचारले नाही, आणि मीही विचारले नाही," ते म्हणाले. दोन ते दहाची शिफ्ट असेल त्या आठवड्यात भाच्याला दोन दिवस शिकवणी नसते. आजीला फिरवावयास तो प्रथम कुरकुरला. तेव्हा आतून आजीच म्हणाल्या, "मला त्याच्याबरोबर चालायला आवडेल. तो हळू चालतो." एक दिवस ताईने लवकर निघावयाचे ठरविले. पंधरांपैकी दोन सायंकाळी उरल्या, त्या दिवशी सराव बुडणार.

भाचीने पान परत घेतले आणि पेन्सिलीने यादी पुन्हा लिहिली. डावखुरी नेमबाज आपल्या जागी गेली, दोन्ही फॉरवर्ड आपापल्या जागी आल्या, जगदलपूरची मुलगी कड्याखाली उभी राहिली. पॉइंट गार्ड म्हणून तिने पहिल्या वर्षाला आलेल्या एका चपळ मुलीचे नाव घातले आणि सहाव्या क्रमांकावर स्वतःचे.

"सहावी का?" ताईने विचारले.

"दोन महिने सराव बुडला आहे, आई. ती माझ्याहून जलद आहे. पण आता ते सर ठरवतील."

तिची निवड होईल की नाही, हे मला सांगता येणार नाही. त्या नव्या मुलीपुढे ती कदाचित कमीच पडेल आणि तसे झाले तर त्यात अन्याय नाही. ती खेळातली हार असेल. माझी विनंती एवढीच, की आपल्या घरी खेळणारी, गाणारी किंवा आणखी काही शिकणारी मुलगी असेल, तर एकदा कागदावर सर्वांच्या सायंकाळी मांडून पाहाव्यात. आमच्या घरी त्याला अर्धा तास लागला.

पावसाळा सरला की आंतरमहाविद्यालयीन सामने सुरू होतील. भाचीचा अंदाज वर दिलाच आहे. माझा अंदाज जरा निराळा आहे. पण मी तिचा मामा आहे, हे लक्षात घेऊन वाचकांनी त्यावर किती भरवसा ठेवावा ते ठरवावे.