आपल्या खाड्यांचा हिशेब

आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजच्या शेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. तुमच्याकडेही असेल. दूध जास्त घेतलं की त्या तारखेवर ‘जादा अर्धा’, पेपर आला नाही की फुली आणि कामाच्या मावशी आल्या नाहीत की ‘खाडा’. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई असंच लिहायच्या, पुढे ते काम माझ्याकडे आलं. एक तारखेला कॅलेंडर खाली उतरवायचं, पेन्सिल घेऊन बसायचं आणि सगळ्यांचे हिशेब चुकते करायचे. घरातला पैसा कुठे जातो हे मला पक्कं ठाऊक आहे, असं मी अगदी परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगत होते.

गेल्या महिन्यात मावशींनी पगार वाढवून मागितला. ‘‘ताई, या महिन्यापासून ३०० रुपये वाढवा,’’ भांडी विसळता विसळता त्या म्हणाल्या. ‘‘घरात तीन मोबाइल झालेत. पोराच्या शाळेचं सगळं त्या व्हॉट्सअॅपवरच येतं. रिचार्ज संपलं की शाळेचा निरोपच कळत नाही.’’

मी काय म्हणाले असेन? आपण सगळ्याच जे म्हणतो तेच. ‘‘बघते मावशी, यांच्याशी बोलून सांगते.’’ आणि मनात लगेच आकडेमोड सुरू. दिवाळीला बोनस दिला होता, मागच्या महिन्यात चार खाडे झाले होते, समोरच्या बिल्डिंगमध्ये काय रेट चाललाय... ३०० रुपयांसाठी मी चांगली दोन दिवस विचार करत होते.

त्याच दरम्यान एका रात्री बँकेचा मेसेज आला. खात्यातून ४९९ रुपये कट. कशाचे म्हणून बघितलं, तर ऑनलाइन योगवर्गाचे! गुडघे दुखायला लागले तेव्हा मी तो लावला होता. पहिला महिना फुकट होता, दुसरा उत्साहात गेला आणि त्यानंतर... त्यानंतर चटई कधी अंथरली ते आठवेना. मागचे मेसेज काढत गेले. तब्बल १४ महिने. ४९९ गुणिले १४, म्हणजे ६,९८६ रुपये. दर महिन्याला पैसे कट होण्याच्या आदल्या दिवशीही एक मेसेज येऊन गेला होता. ओटीपी, सेल आणि ‘कर्ज हवंय का’ म्हणणाऱ्यांच्या गर्दीत मी तो कधी वाचलाच नव्हता. मावशींचे चार खाडे मला तोंडपाठ आणि माझा स्वतःचा १४ महिन्यांचा खाडा मात्र कुठेच लिहिलेला नाही!

मग रविवारी नवऱ्याला आणि लेकीला समोर बसवलं. सगळ्यांच्या बँकेची बारा महिन्यांची स्टेटमेंट्स काढली. (बाराच महिन्यांची काढायची, नाहीतर वर्षातून एकदा कट होणारे पैसे सापडत नाहीत.) सासूबाईंच्या मालिकांचं अॅप २९९ रुपये. नवऱ्याने एका क्रिकेट स्पर्धेसाठी घेतलेलं दुसरं अॅप वर्षाला १,४९९, म्हणजे महिना साधारण सव्वाशे. स्पर्धा कधीच संपली, अॅप आपोआप दुसऱ्या वर्षात गेलं. लेकीची गाणी १७९. फोटो साठवायची जागा १३०. लेकीचं इंग्रजी संभाषणाचं अॅप ३९९. ते तर तिने सात महिन्यांपूर्वीच फोनवरून उडवलं होतं. ‘‘मला वाटलं, अॅप काढलं की पैसेही बंद होतात,’’ ती म्हणाली. माझा योग ४९९. आणि ९९ रुपयांची क्रेडिट स्कोअर दाखवणारी कसलीशी सेवा, जी कुणी घेतली हे आजतागायत कुणी कबूल केलेलं नाही.

बेरीज झाली महिना १,७३० रुपये. त्यातलं खरोखर वापरात होतं मालिका, गाणी आणि फोटो. म्हणजे ६०८ रुपये. उरलेले १,१२२ रुपये नुसतेच वाहून जात होते. वर्षाला १३,४६४. मावशींनी मागितलेली वाढ वर्षाची होते ३,६००. हे दोन आकडे मी वहीत एकाखाली एक लिहिले आणि खरं सांगते, मला लाज वाटली.

आता हा माझा वेंधळेपणा, हे मान्यच. पण सगळा दोष आपल्याच पदरात घ्यायचं कारण नाही. पूर्वी मासिकाची वर्गणी संपत आली की पत्र यायचं, ‘कृपया नूतनीकरण करावे’. आपण मनीऑर्डर पाठवली नाही, तर अंक बंद. म्हणजे आपण काही केलं नाही तर खर्च थांबायचा. आता बरोबर उलटं झालंय. आपण काही केलं नाही तर खर्च चालू राहतो. आपलं विसरणं हेच कुणाचं तरी उत्पन्न झालंय. ‘पहिला महिना फुकट’ म्हणताना आधी कार्डाचा नंबर मागतात, तो याचसाठी.

युक्ती तशी जुनीच. आठवतं ना, मोबाइलवर नकळत कॉलर ट्यून चालू व्हायची आणि बॅलन्स गायब व्हायचा? तक्रारी इतक्या झाल्या की अशा सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची दोनदा संमती घ्या, असं ‘ट्राय’ला २०१३ मध्ये कंपन्यांना सांगावं लागलं.

आजच्या वर्गण्यांसाठीही नियम आहेत. आपोआप कट होणाऱ्या पैशांबाबतचे रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून सक्तीने लागू झाले. पहिल्या वेळी ओटीपीसारखी खातरजमा हवीच. नंतर दर वेळी पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी कळवायचं, आणि तो व्यवहार किंवा सगळी परवानगीच रद्द करायची सोय ग्राहकाला द्यायची. मात्र ५,००० रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी लागत नव्हता. जून २०२२ मध्ये ही मर्यादा १५,००० झाली. आपल्या घरातल्या झाडून सगळ्या वर्गण्या त्याच्या आत बसतात. म्हणजे आपल्याला कळवतात जरूर, पण विचारत नाहीत.

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला फसवणाऱ्या १३ ऑनलाइन क्लृप्त्यांची, म्हणजे ‘डार्क पॅटर्न्स’ची यादी काढून त्यांवर बंदी घातली. वर्गणीचा सापळा ही त्यातलीच एक. रद्द करण्याचा मार्ग लपवणं, तो किचकट करणं, फुकट सेवेसाठी आपोआप पैसे कापण्याची परवानगी घेणं हे सगळं त्यात येतं. ग्राहकाला खजील करून अडवणं ही दुसरी. मला तिचा अनुभव लगेच आला. योगवर्ग बंद करायला पाच पडदे ओलांडावे लागले आणि चौथ्यावर प्रश्न होता, ‘तुम्हाला निरोगी राहायचं नाही का?’ जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायला सांगितलं. दुकानदाराने स्वतःच आपला तराजू तपासायचा, त्यातलाच हा प्रकार! अमेरिकेतही वेगळं नाही. वर्गणी घेणं जितकं सोपं तितकंच ती सोडणं सोपं हवं, असा नियम तिथे ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला आणि तो पुरता लागू होण्याआधीच जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने रद्द केला.

यात बायकांचा म्हणून एक वेगळा प्रश्न आहे. घरखर्चाची वही आपल्याकडे, पण आपोआप पैसे कट झाल्याचे मेसेज बहुतेक घरांत नवऱ्याच्या फोनवर. कोथिंबिरीच्या जुडीचा भाव आपल्याला विचारतात, या खर्चाचा हिशेब कुणीच कुणाला विचारत नाही. आमच्या शेजारच्या काकू, काका गेल्यावर आठ महिने जोड खात्यातून दर महिन्याला काहीतरी जातंय म्हणून घाबरून होत्या. कुणाचं देणं राहिलंय की काय ही त्यांना धास्ती. निघाली काकांची बातम्यांच्या अॅपची वर्गणी.

म्हणून मैत्रिणींनो, एकदा बसाच. यूपीआयच्या अॅपमध्ये ‘ऑटो-पे’ असं सदर असतं. त्यात दिलेल्या सगळ्या परवानग्या दिसतात आणि तिथूनच रद्दही करता येतात. कार्डावरच्या बँकेच्या संकेतस्थळावर किंवा अॅपमध्ये सापडतात. फोनच्या अॅप स्टोअरमधून घेतलेल्या वर्गण्यांची यादी तिथे वेगळी असते, तीही बघा. आधी कंपनीकडची वर्गणी रद्द करायची, मग पैसे कापण्याची परवानगी. कुणी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. फुकट महिना घेतलाच, तर तो संपण्याच्या दोन दिवस आधीच्या तारखेवर कॅलेंडरवर खूण करा.

आणि रिचार्जचाही हिशेब घाला. २८ दिवसांचा ‘महिना’ धरला की वर्षात १२ नाही, १३ रिचार्ज होतात. म्हणूनच ‘ट्राय’ने २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारा असे पर्याय ठेवायला लावले. डिसेंबर २०२४ मध्ये फक्त बोलणं आणि एसएमएस यांसाठीचं वेगळं रिचार्ज ठेवायलाही सांगितलं. सासूबाई घरात वायफायवर मालिका बघतात आणि फोनवर नुसत्या बोलतात. त्यांना तेच घेतलं.

मावशींना ३०० रुपये वाढवले. त्यात काही मोठेपणा नाही, ते आधीच द्यायला हवे होते. त्यांना हा सगळा किस्सा सांगितला, तर त्यांनी पदराला हात पुसले आणि आपला फोन पुढे केला. ‘‘माझ्यातूनही दर महिन्याला काहीतरी जातं ताई. बघता का?’’ पोराने एक रुपयात सात दिवस सिनेमे म्हणून बटण दाबलं होतं आणि तेव्हापासून महिन्याला १९९ जात होते. क्षणभर माझ्या मनात आलंच, ‘मग वाढ कशाला हवी होती?’ बघा, सवय कशी जात नाही! ऑटो-पे रद्द केलं, पिन त्यांचा त्यांनी टाकला.

आता आमच्या कॅलेंडरवर लाल पेनने तीन तारखा लिहिलेल्या आहेत, उरलेल्या तीन वर्गण्यांच्या. ज्या आठवड्यात अॅप कुणी उघडलं नाही, तिथे लेक ‘खाडा’ लिहिते. पुढच्या एक तारखेला तुम्ही कॅलेंडर उतरवाल, तेव्हा मोबाइलही शेजारी घ्या. मावशींचे खाडे मोजण्याआधी आपले मोजून बघा.