नुसता उभा राहिलेला माणूस



शाळेत तुम्हाला कधी बाकावर उभं केलंय? मला केलंय, आणि पुष्कळदा! पहिली पाच मिनिटं गंमत वाटते. मग पाय दुखायला लागतात आणि तास संपेपर्यंत वाटतं, यापेक्षा उठाबशा परवडल्या. आता सांगा पाहू, कुणी शिक्षा केलेली नसताना एखादा मोठा माणूस भर चौकात तब्बल आठ तास उभा राहील का?

एक जण राहिला होता. त्याची गोष्ट सांगतोच, पण ती आठवली कशी ते आधी ऐका.

आमच्या शेजारी सातवीतली एक मुलगी राहते. आमच्या कोपऱ्यावरचा जुना पिंपळ रस्ता रुंद करण्यासाठी तोडणार, असं तिला कळलं. तिनं आईच्या फोनवरून पिंपळाचा छान फोटो काढून टाकला. खाली लिहिलं, ‘आमचं झाड वाचवा.’ दोन दिवसांत २०० लाइक! स्वारी खूश. पण पुढच्याच आठवड्यात ती शाळेतून आली, तर कोपऱ्यावर उरला होता फक्त बुंधा.

“काका, दोनशे जणांना पटलं होतं ना? मग एकही जण आला कसा नाही?”

मी गप्प. कारण त्या दोनशे अंगठ्यांत माझाही एक होता.

आता ती उभ्या माणसाची गोष्ट. तुर्कस्तानात इस्तंबूल नावाचं मोठं शहर आहे. तिथल्या तक्सीम चौकाला लागून गेझी नावाचं उद्यान आहे. २०१३ च्या मे महिन्यात तिथली झाडं काढून बांधकाम करायचं ठरलं. झाडं वाचवायला आधी थोडे लोक बसले. पोलिसांनी त्यांना हुसकावलं, तशी माणसं वाढतच गेली. बघता बघता देशभर मोठं आंदोलन पेटलं. त्यात काहींचे प्राणही गेले. जूनच्या मध्यावर पोलिसांनी उद्यान आणि चौक रिकामा केला. जमाव जमवायचा नाही, असा हुकूम!

१७ जूनच्या संध्याकाळी एर्देम ग्युंदुझ नावाचा एक नर्तक तिथं आला. पाठीवरची पिशवी त्यानं पायाशी ठेवली, हात खिशात घातले आणि समोरच्या इमारतीकडे पाहत उभा राहिला. ना घोषणा, ना फलक. पोलिसांनी त्याची झडती घेतली, पिशवी तपासली. पण नुसतं उभं राहणं हा कुठला गुन्हा?

कुणीतरी त्याचा फोटो ट्विटरवर टाकला. ‘दुरान आदाम’, म्हणजे ‘उभा माणूस’, हे शब्द फोनाफोनांतून पळत सुटले. आणि बरं का, लोकांनी नुसता अंगठा दाबला नाही. ते घरातून निघाले आणि त्याच्या आसपास तसेच गप्प उभे राहिले. रात्रीपर्यंत शेकडो माणसं जमली. मध्यरात्रीनंतर पोलिसांनी काहींना धरून नेलं. पण दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या गावांतही लोक असे उभे राहू लागले.

चित्रकाराला कागद लागतो, शिल्पकाराला दगड. पण काही कलावंत स्वतःचं शरीर आणि वेळ हेच साहित्य म्हणून वापरतात. या कलेला ‘परफॉर्मन्स आर्ट’ म्हणतात. ग्युंदुझची कला एवढीच, की हलायचं नाही!

याच कलेचा दुसरा नमुना पाहा. अमालिया उल्मन ही अर्जेंटिनात जन्मलेली, स्पेनमध्ये वाढलेली कलावंत. २०१४ मध्ये काही महिने ती इन्स्टाग्रामवर रोज आपले फोटो टाकत होती. आधी झकपक हॉटेलं आणि नवे कपडे. मग भांडणं, रडणं, अगदी शस्त्रक्रिया झाल्याच्या पट्ट्यासुद्धा. शेवटी सगळं सुरळीत, योगासनं, घरचं जेवण. हजारो लोक तिचं आयुष्य बघू लागले. कुणी कौतुक केलं, कुणी नावं ठेवली. मग तिनं सांगितलं, हे सारं नाटक होतं. पट्ट्या खोट्या, रडणंही ठरवलेलं. पुढे हे फोटो लंडनच्या टेट मॉडर्न या प्रसिद्ध संग्रहालयात मांडले गेले.

लोक चिडले. पण मला सांगा, वाढदिवसाचा फोटो काढताना आपण पसारा पलंगाखाली सरकवतोच की नाही? अमालियानं तेच मोठं करून दाखवलं. फोनवर दिसतं ते नेहमीच पूर्ण आयुष्य नसतं.

म्हणजे फोन वाईट का? मुळीच नाही. फोन नसता, तर ग्युंदुझला त्या रात्री चौकातल्या चार पोलिसांशिवाय फारसं कुणी पाहिलं नसतं. फोननं हाक पोचवली. पण त्याचे दुखणारे पाय आधी होते, फोटो नंतर आला. आणि गेझी उद्यान? त्याच्या एकट्याच्या उभं राहण्यानं नव्हे, पण पुष्कळांच्या धडपडीनं ते वाचलं.

हे सगळं मी शेजारच्या मुलीला सांगितलं, माझ्या अंगठ्यासकट. मग आम्ही तिचा तो फोटो पुन्हा उघडला. मोठा करून पाहिला, तर बुंध्यावर एक कागद चिकटवलेला! आपल्याकडे शहरातलं झाड तोडायचं असेल, तर १९७५ च्या कायद्याप्रमाणे अशी नोटीस लावून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. कुणालाही साध्या कागदावर हरकत लिहून देता येते. हरकतीसाठी दिलेली मुदत त्या कागदावर होती. आम्ही दोनशे जणांनी तो फोटो पाहिला होता. वाचला कुणीच नव्हता.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “काका, रस्त्यावर अजून चार झाडं आहेत. दर रविवारी बघून यायचं का?”

गेले तीन रविवार आम्ही जातोय. तुम्हीही करून पाहा. आपल्या रस्त्यावरची झाडं मोजा, त्यांवर काही चिकटवलंय का ते वाचा, आणि एखाद्या झाडाखाली पाच मिनिटं अगदी स्थिर उभे राहा. काय काय दिसलं, ते मला पत्रानं कळवा. फोटो नाही पाठवलात तरी चालेल!