खोपटीचे पाय

मुलांनो, मागच्या खेपेला आपण जुन्या छत्रीच्या कापडाची पिशवी शिवली होती. आजचं काम जरा मोठं आहे आणि त्यात तुमच्या बाईंची एक चूकही आहे. ती आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं मोकळेपणानं सांगता येईल.

आमची शाळा दापोली तालुक्यातली. शाळेमागे परसबाग आहे. लाल माठ, भेंडी, पडवळ असं काहीबाही पिकतं. त्यातलं बरंचसं दुपारच्या खिचडीत पडतं, उरलेलं मुलं विकतात. बागेच्या कोपऱ्यात अवजारांची लाकडी खोपटी आहे. चार खांब, फळ्यांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. वयानं ती माझ्यापेक्षा थोडी मोठीच असेल.

तीन वर्षांपूर्वी शाळेत पाहुणे येणार होते. खोपटी कळकट दिसत होती, म्हणून मी तिला हिरवागार ऑइलपेंट फासला. काय झकास दिसली! सगळ्यांनी कौतुक केलं. यंदा मार्चमध्ये चौथीतल्या एका मुलानं झारी ठेवताना मागच्या भिंतीला हात टेकला, तर हात मनगटापर्यंत फळीतून आरपार! नशीब, खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. बाहेरून रंग चकचकीत आणि आत नुसता भुसा.

पालकांची बैठक बसली. कुणी म्हणालं, पाडा आणि पत्र्याची शेड आणा. तिचा भाव निघाला 28,000 रुपये. शाळेच्या बाग-खात्यात होते 2,500, तेही मुलांनी दोन वर्षं भाजी विकून जमवलेले. कुणी म्हणालं, लाकूड बंबात घालायला न्या. मुलांची तोंडं एवढीशी झाली. हेडमास्तरांनी निकाल दिला, "मेअखेरपर्यंत भक्कम उभी राहिली तर राहील, नाहीतर पाडायची. पावसाळ्यात कुणाच्या डोक्यावर यायला नको." त्यांचं काही चूक नव्हतं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो.

मग पाचवीतल्या एका मुलीनं आपल्या आजोबांना आणलं. आजोबा जन्मभर सुतारकी केलेले. त्यांनी आधी रंगबिंग काही पाहिलं नाही. पटाशीच्या मुठीनं एकेक खांब वरपासून खालपर्यंत ठोकत गेले. मुलांना म्हणाले, "कान द्या." वर खणखणीत आवाज येई, खाली जमिनीजवळ बद्द. मग पटाशीचं टोक टोचलं. वर जेमतेम रुतलं. खाली मात्र लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं. मागचे दोन खांब वीतभर कुजले होते. बाकी सगळं सागवान ठणठणीत!

"बाई, हा ढीग इथे कुणी घातला?" त्यांनी विचारलं.

ढीग मीच घातला होता. कंपोस्ट खताचा. भिंतीचा आडोसा बरा म्हणून मागच्या फळ्यांना टेकवून. आता गंमत बघा. पालापाचोळ्याचं खत कोण करतं? बुरशी आणि जिवाणू. त्यांना काय लागतं? ओल. म्हणूनच आपण ढिगावर पाणी शिंपडतो. लाकूड कुजवणारीही बुरशीच. लाकडात साधारण 20 टक्क्यांपेक्षा कमी ओल असेल तर तिचं काही चालत नाही. आम्ही ओला ढीग खोपटीला चिकटवला, वरून पागोळ्या तिथेच पडत होत्या. म्हणजे पाल्याबरोबर खोपटीचंही खत करायला ठेवलं होतं म्हणा ना! आणि माझा रंग? फळ्या मागून, खालून ओल पीत होत्या आणि रंगामुळे ती बाहेर पडेना. न रंगवलेली फळी निदान उन्हात वाळली तरी असती.

दुसरी गोष्ट आजोबांनी दाखवली ती मला आवडली. कुठल्याही जुन्या वाड्यात जा, लाकडी खांब कधी जमिनीत पुरलेला नसतो. तो दगडाच्या तळखड्यावर उभा असतो. आमच्या खोपटीचे खांब सरळ मातीत पुरलेले. झाड जिवंत असताना लाकडातल्या बारीक नळ्यांतून पाणी वर चढतं. लाकूड कापलं तरी त्या नळ्या राहतातच, त्यामुळे खांबाचं कापलेलं टोक मातीतली ओल शोषून घेतं. पण तळखडे आणायचे कुठून? चिरा फुकट मिळाला असता, पण जांभा दगड स्वतःच पाणी पितो. हवा काळा दगड.

"आमच्याकडे जातं पडलंय," एक मुलगी म्हणाली. "आजी त्यावर तुळस ठेवते."

दोन घरांतून जात्यांच्या खालच्या तळ्या आल्या. काळा, घट्ट दगड आणि मधोमध खिळ्याचं भोक तयार! आजोबा खूष झाले. त्या भोकात लोखंडी सळीचा तुकडा बसवला. त्याचं वरचं टोक खांबाच्या पोटात, म्हणजे खांब घसरायला नको.

प्रत्यक्ष काम दोन दिवसांचं. आधी बांबूचे टेकू लावून, पाचरी ठोकून छपराचा भार उचलला. मगच खांबाचा कुजका भाग कापला. त्या वेळी मुलांना चुन्याच्या रेषेपलीकडे उभं केलं होतं. घरी कुणी असं काही करणार असेल, तर हे मोठ्यांचंच काम, तुम्ही रेषेबाहेर. चांगल्या लाकडाच्या आणि नव्या तुकड्याच्या टोकाला निम्मी-निम्मी खाच पाडून दोन्ही एकमेकांत बसवले आणि चार-चार बोल्टांनी आवळले. नवे तुकडे म्हणजे तरी काय, पाडलेल्या एका घराचं जुनं सागवानच. मुलांनी खिळे उपटले, फळ्या घासून माझा हिरवा रंग काढला, ओळंबा धरला. एक खांब किंचित तिरका निघाला, तो तसाच ठेवला.

वाळलेल्या फळ्यांना जवसाचं तेल दिलं, कापलेल्या टोकांना दोनदा. इथे एक सावधगिरी. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या, तर त्या आपोआप पेट घेऊ शकतात. काडी न लावता! आम्ही त्या पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवल्या.

आता हिशेब. जुनं लाकूड 600, बोल्ट 240, खिळे आणि बिजागऱ्या 180, तेल 320, टर्पेंटाइन 130. आजोबा मजुरी घेईनात. पण फुकटात काम झालं असं मुलांना वाटू नये, म्हणून 800 रुपये हातात ठेवलेच. ही मजुरीही दोन दिवसांच्या मानानं कमीच. एकूण 2,270. कौलं पालकांनी दिली. खताचा ढीग आता चिंचेखाली आहे.

जूनमध्ये पाऊस कोसळला. मुलं रोज सुट्टीत पळत जाऊन खांब बघत. आठवडाभर सगळं कोरडं. मग पुढच्या एका खांबावर मातीची बारीक नळी दिसली. वाळवी! मुलांनी ती काडीनं मोडली. दुसऱ्या दिवशी नळी पुन्हा बांधलेली, म्हणजे आत वस्ती आहे. हा खांब ठोकल्यावर चांगला वाजला होता, पण त्याचेही पाय अजून मातीतच आहेत.

आजोबांना निरोप धाडला. ते म्हणाले, "दिवाळीनंतर बघू. तोवर रोज मोडत राहा."

मुलं रोज मोडताहेत. खात्यात 230 रुपये आहेत, भेंडीला फुलं आली आहेत आणि आम्ही तिसरं जातं शोधतो आहोत.