मातीच्या कबुतराची बाजू

'बाराबोअरमध्ये रमणारा तो सरंजामी', असा निकाल आमचे काही समीक्षकमित्र बंदूक न हाताळताच देतात. परभणीत ती दिसते बँकेच्या पहारेकऱ्याच्या खांद्यावर; तो कुठला सरदार? करणीसिंह बिकानेरचे महाराजे, हे मान्य. पण २००४ मध्ये अथेन्सला रौप्यपदक मिळवणारे राज्यवर्धनसिंह राठोड लष्करातले अधिकारी होते.

राहिला हिंसेचा आक्षेप. १९००च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जिवंत कबुतरे मारली गेली, हे खरेच. आज फुटते ती अकरा सेंटिमीटरची तबकडी; नावात माती, अंगी डांबर नि चुनखडी! तिच्या वेगाच्या पुढे नळी नेण्यातला, जुन्या दुनळीची घडण न्याहाळण्यातला आनंद आम्हाला निषिद्ध. आणि स्वतः शिकार केलेले व्यंकटेश माडगूळकर मात्र हेच मित्र वर्गात भक्तिभावाने शिकवतात.