लस घेतली तर व्हीगनपणा मोडतो का? वासराच्या सीरमपासून रेबीजच्या इंजेक्शनपर्यंत, समजून घ्या

जून २०२१. कोरोनाची दुसरी लाट ओसरत असताना सोशल मीडियावर एक दावा फिरू लागला: 'कोव्हॅक्सिन'मध्ये वासराचं सीरम आहे. १६ जूनला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने खुलासा केला. तयार लशीत हे सीरम नसतं, असं मंत्रालयाने स्पष्ट केलं. पण लस बनवण्याच्या प्रक्रियेत ते वापरलं जातं, हेही त्याच खुलाशात होतं.

दूध, अंडी, मध, चामडं, लोकर असं प्राण्यांकडून मिळणारं काहीच न वापरणाऱ्या व्हीगन लोकांचा पेच इथेच सुरू होतो. मग लस घ्यायची की नाही?

लशीशी प्राण्यांचा संबंध कुठे येतो?

मुख्यतः तीन ठिकाणी.

पहिलं, विषाणू वाढवताना. कोव्हॅक्सिनसाठी विषाणू 'व्हेरो' पेशींमध्ये वाढवतात. या पेशी मूळच्या माकडाच्या मूत्रपिंडातल्या. १९६२ मध्ये घेतलेल्या पेशींपासून त्या प्रयोगशाळेत वाढत आल्या आहेत, दर वेळी नवं माकड लागत नाही. पण त्यांच्या वाढीसाठी वासराच्या रक्तातलं सीरम वापरतात आणि नंतर पेशी अनेकदा धुतात. फ्लूच्या बऱ्याच लशी कोंबडीच्या अंड्यात तयार होतात.

दुसरं, लस टिकवताना. गोवरासारख्या आजारांच्या काही लशींमध्ये जिलेटिन असतं. ते जनावरांच्या कातडी आणि हाडांपासून मिळतं.

तिसरं, चाचणी. माणसांना देण्याआधी लशी प्राण्यांवर तपासल्या जातात. पुण्यात बनलेल्या कोव्हिशिल्डच्या घटकांच्या यादीत प्राणिजन्य पदार्थ नव्हता, पण या चाचण्या तिच्याही झाल्या होत्या. म्हणजेच 'शंभर टक्के व्हीगन' लस आज मिळणं जवळपास अशक्य आहे.

व्हीगनिझमची व्याख्या काय सांगते?

'व्हीगन' हा शब्द रूढ करणारी 'द व्हीगन सोसायटी' १९४४ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झाली. तिच्या व्याख्येनुसार प्राण्यांचं शोषण आणि क्रूरता 'शक्य आणि व्यवहार्य असेल तितकी' टाळायची. हे शब्द पळवाट म्हणून आलेले नाहीत. दुधाच्या चहाला पर्याय आहे. जीव वाचवणाऱ्या औषधाला अनेकदा नसतो. म्हणूनच ही संस्था डॉक्टरांनी दिलेली औषधं टाळा असं सांगत नाही.

नकार दिला तर काय होतं?

भटक्या कुत्र्यांना रोज खाऊ घालणाऱ्या एखाद्या व्हीगन व्यक्तीला कुत्रा चावला तर? रेबीजची लक्षणं दिसू लागली की मृत्यू जवळपास अटळ असतो. वेळेत घेतलेली लस हाच बचाव.

या लशीचा इतिहासही इथे महत्त्वाचा आहे. 'पोटातली १४ इंजेक्शनं' घरातल्या मोठ्यांना आठवत असतील. ती लस रेबीजची लागण केलेल्या मेंढ्यांच्या मेंदूपासून बनायची. भारतात २००४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं आणि पेशींमध्ये वाढवलेल्या, अधिक सुरक्षित लशी आल्या. त्यातल्या अनेक त्याच व्हेरो पेशींवर बनतात. मेंढ्या वाचल्या त्या चांगला पर्याय सापडल्यामुळे, कुणी इंजेक्शन नाकारल्यामुळे नव्हे. शिवाय कुत्र्यांना दिलेली रेबीजची लस कुत्र्यांचाही जीव वाचवते.

मग व्हीगन लोकांनी काय करावं?

पर्याय असेल तिथे विचारता येतं. एकाच आजारावर वेगवेगळ्या कंपन्यांच्या लशी असतील, तर अंडी किंवा जिलेटिन नसलेली कोणती, हे डॉक्टर सांगू शकतात. पर्याय नसेल तर मात्र थांबू नये.

खरा बदल प्रयोगशाळेत आणि नियमांत होतो. भारताने २०२३ मध्ये औषध चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती करून मानवी पेशी, चिपवरचे अवयव आणि संगणकीय मॉडेल अशा प्राणिमुक्त पद्धतींना जागा दिली. अमेरिकेनेही २०२२ च्या डिसेंबरमध्ये कायदा बदलून नव्या औषधांसाठी प्राण्यांवरील चाचण्यांची सक्ती काढली. प्राण्यांसाठी आवाज उठवायचा असेल तर या पद्धती लवकर वापरात याव्यात, अशी मागणी करता येईल. त्यासाठी स्वतःची किंवा मुलांची लस चुकवण्याची गरज नाही.