वाळूतले खूर

वसई तालुक्यातल्या वटारहून राजोडी-कळंबच्या किनाऱ्याकडे वळलं की सुट्टीच्या दिवशी ओल्या वाळूत खुरांचे ठसे दिसतात. हा अंक घोड्यांवर काढावा, हे तिथेच सुचलं.

दमट कोकण ही घोड्याची भूमी नव्हे. इथे तो जहाजातून आला. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने लिहून ठेवलंय की ठाण्याच्या राजाचा चाच्यांशी करारच होता: लुटीतला बाकी माल तुमचा, घोडे माझे. अरबस्तान-इराणकडून येणाऱ्या त्या जनावराचं मोल यावरून कळतं. पुढे मराठी फौजेत स्वतःच्या घोड्यावर येणारा शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर. माणसाची पायरीच घोड्यावरून ठरायची.

या सगळ्यात घोड्याची निगा राखणाऱ्या मोतद्दाराचं नाव कुणी लिहिलं नाही, याची मला खंत वाटते. खरारा करणारा हात घोडा ओळखतो. माथेरानात आजही कित्येक घरांची चूल घोड्यावर पेटते. किनाऱ्यावर मुलाला घोड्यावर बसवण्याआधी घोडेवाल्याला एवढं जरूर विचारा: दादा, याला पाणी पाजलंत का?