डार्करूमचे भाडे कशासाठी?

हौशी छायाचित्रकाराने कॅमेरा घेतला की त्याच्यावर सल्ल्यांचा वर्षाव सुरू होतो. लेन्स कोणती, ट्रायपॉड कोणता, पावसात कॅमेरा कशात गुंडाळावा, यांवर जाणकारांचे हमखास मतभेद असतात. पण काढलेले फोटो संगणकावर साफसूफ करायला कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, हा प्रश्न निघाला की सारे एका सुरात सांगतात, "फोटोशॉप! दुसरं आहे काय?" आणि लगेच आवाज थोडा खाली आणून, "विकत कशाला घेताय? माझ्याकडे आहे. पेनड्राइव्ह घेऊन या." आपल्याकडच्या हौशी छायाचित्रणाचे निम्मे दुखणे या दोन वाक्यांत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते कुणाला झोंबले तर झोंबू दे.

आधी दुसऱ्या वाक्याचा समाचार घेऊ. एस.टी.त बिनतिकिटाने बसायची ज्यांची छाती होणार नाही, दुकानदाराने चुकून जास्त दिलेली मोड जे परत नेऊन देतात, असे सज्जन गृहस्थ चोरलेले सॉफ्टवेअर मात्र बिनदिक्कत वापरतात आणि दिवाळीच्या फराळासारखे चार घरी वाटतात. याच गृहस्थांनी काढलेला गोकाकच्या धबधब्याचा फोटो कुणी न विचारता कॅलेंडरवर छापला, खाली नावही दिले नाही, तर काय होते ते आम्ही पाहिलेले आहे. गावभर बोंब होते, वकिलाच्या नोटिशीची भाषा होते. अहो, तुमचा एक फोटो ही तुमची निर्मिती, मग शेकडो माणसांनी वर्षानुवर्षे खपून लिहिलेला प्रोग्रॅम ही कुणाची? ज्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या जोरावर तुम्ही कॅलेंडरवाल्याला दम देता, त्याच कायद्याचे कलम ६३-बी जाणूनबुजून चोरीचा प्रोग्रॅम वापरणाऱ्याला शिक्षा सांगते. कमाईसाठी वापरला नसेल तर न्यायालय तुरुंगवास टाळू शकते, पण तरीही दंड ५० हजारांपर्यंत जाऊ शकतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, जो प्रोग्रॅम बसवताना "आधी अँटिव्हायरस बंद करा" अशी सूचना असते, तो आपण मुलाबाळांचे सगळे फोटो साठवलेल्या संगणकात घालतो, याला धाडस म्हणावे की काय, ते ज्याचे त्याने ठरवावे.

आता पहिले वाक्य. फोटोशॉप वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. मिशिगन विद्यापीठात डॉक्टरेटसाठी काम करणारा थॉमस नोल आणि चित्रपटांच्या ट्रिक फोटोग्राफीत मुरलेला त्याचा भाऊ जॉन, या दोघांनी घडवलेले हे सॉफ्टवेअर १९९० च्या फेब्रुवारीत बाजारात आले आणि त्याने छपाईचे जग बदलले. ते ऋण मान्यच आहे. प्रश्न अवजाराचा नसून ते कोणत्या अटीवर हाती पडते याचा आहे. मे २०१३ मध्ये अडोबी कंपनीने जाहीर केले की यापुढे नवी आवृत्ती खोक्यात घालून विकणार नाही, ती दरमहा भाड्याने देणार. २०१२ ची सीएस ६ ही विकत मिळालेली शेवटची. लाइटरूमचेही तेच झाले. २०१५ ची सहावी आवृत्ती शेवटची ठरली. ज्यांनी ती पुरते पैसे मोजून घेतली होती, त्यांच्या लाइटरूममधला नकाशाचा भाग २०१८ च्या नोव्हेंबरअखेर बंद पडला. विकत घेतलेल्या घराची एक खोली परस्पर कुलूपबंद व्हावी, तसा हा प्रकार.

भाड्याच्या घरात भाडे थकले की काय होते हे सांगायला नको. लाइटरूमचे भाडे थांबवले की तुमचे फोटो कुणी जप्त करत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. फोटो दिसतात, बाहेरही काढता येतात. पण प्रकाश-छाया दुरुस्त करण्याचे दालन बंद होते. म्हणजे दहा वर्षे रात्र रात्र जागून केलेली कारागिरी काचेआड ठेवल्यासारखी नुसती बघायची, हात लावायचा नाही. सोडून जाणेही वाटते तितके सोपे नाही. वर्षाचा करार मासिक हप्त्याने घ्यायचा आणि मधेच सोडणाऱ्याला बसणारा दंड ठळकपणे सांगायचा नाही, असा आरोप ठेवून जून २०२४ मध्ये खुद्द अमेरिकी सरकारने या कंपनीला न्यायालयात खेचले. आणि २०१९ च्या ऑक्टोबरात व्हेनेझुएलातल्या ग्राहकांना कळवण्यात आले की अमेरिकी अध्यक्षांच्या आदेशामुळे तुमची खाती बंद होत आहेत. त्या ग्राहकांनी कुणाचे काही बिघडवले नव्हते, भाडेही थकवले नव्हते. महिनाअखेर सरकारी परवाना मिळाला आणि निर्णय फिरला, हे खरे. पण हजारो मैलांवरच्या कचेरीतल्या एका सहीने आपल्या डार्करूमचा दिवा विझू शकतो, एवढे त्यातून दिसले.

हे वाचून कुणी म्हणेल, एवढ्या काळजीचे कारण काय? हौस आहे, आज आहे, उद्या नाही. त्यांना आमची विनंती अशी की घरातली जुनी पत्र्याची पेटी एकदा उघडून पाहावी. वडिलांनी किंवा आजोबांनी काढलेल्या कृष्णधवल फोटोंच्या निगेटिव्ह बटर पेपरच्या पाकिटात निघतील. कदाचित त्या 'इंदू' फिल्मवरच्या असतील. १९६० साली उटीला स्थापन झालेली हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी त्या बनवत असे. ती कंपनी केव्हाच बंद पडली. कोडॅकसारख्या बलाढ्य कंपनीनेही जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. पण त्या निगेटिव्हचे काही बिघडले का? उजेडासमोर धरली की माणूस ओळखू येतो. एन्लार्जरमध्ये घालून प्रिंट काढता येते. तो एन्लार्जर कोणत्या कंपनीचा, त्याचे भाडे भरले आहे का, हे निगेटिव्ह विचारत नाही. लाल दिव्याखाली ट्रे हलवत बसलेल्या त्या पिढीला आपण आज अडाणी समजतो. पण त्यांच्या कामाची मालकी त्यांच्याकडे होती, आणि म्हणूनच ती तुमच्यापर्यंत पोहोचली. तुमच्या हार्ड डिस्कवरचे काम तुमच्या नातवापर्यंत कसे पोहोचणार, हा प्रश्न सॉफ्टवेअर निवडतानाच सोडवायचा असतो. नंतर तो सुटत नाही.

शिवाय हौशी माणसाला लागते तरी काय? आमच्या भागातलेच उदाहरण घ्या. खानापूर तालुक्यातल्या हलशीला कदंबांच्या काळचे भूवराह नरसिंहाचे मंदिर आहे. दुपारी आत उभे राहून दाराकडे कॅमेरा धरला, तर बाहेरचे अंगण पांढरेफटक आणि आतले खांब काळेठिक्कर. कॅमेऱ्याने जेपेग फाइल दिली असेल तर प्रत्येक रंगाला उजेडाच्या २५६ पायऱ्या, त्यामुळे सावलीतली नक्षी उचलायला गेले की नुसते डाग उठतात. तोच फोटो १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये असेल तर पायऱ्या १६,३८४. सावली उचलली की खांबावरचे कोरीवकाम हळूहळू वर येते, डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कागदावर चित्र उमटावे तसे. मग क्षितिज सरळ करायचे, कडा कापायच्या, रंगाचा तोल साधायचा, सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका पुसायचा. हौशी माणसाचे शंभरातले नव्वद काम इथे संपते. उरलेल्या दहांत राजहंसगडावरचे खरे आकाश काढून तिथे स्वित्झर्लंडचे ढग चिकटवणे येते. २०२० पासून फोटोशॉपमध्ये ते चुटकीसरशी होते म्हणे. ज्यांना तेवढ्यासाठी दरमहा भाडे भरायचे असेल त्यांनी जरूर भरावे.

वरचे सगळे काम डार्कटेबल आणि रॉथेरपी या दोन प्रोग्रॅमांत होते, आणि उत्तम होते. दोन्ही मूळ रॉ फाइलला हात लावत नाहीत. तुम्ही काय बदल केले याची नोंद शेजारच्या एका लहानशा फाइलीत ठेवतात. रॉथेरपीची ती फाइल तर नोटपॅडमध्ये उघडते, आणि उजेड किती वाढवला, रंग किती बदलला ते आकड्यांत वाचता येते. आमच्या लेखी ही फार मोठी गोष्ट आहे. चिकटवाचिकटवी, जुना फाटलेला फोटो जोडणे, अक्षरे घालणे यासाठी गिंप आहे. हजारो फोटोंची वर्गवारी करायला डिजिकॅम आहे. या सगळ्यांना पैसे पडत नाहीत.

इथे वाचक म्हणतील, म्हणजे फुकट तेच चांगले, असेच ना? मुळीच नाही. फुकट आणि मुक्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत करणाऱ्यांनी हात पोळून घेतलेले आहेत. गूगलचे पिकासा फुकट होते. घरोघरी होते. मार्च २०१६ मध्ये गूगलने त्याचा आधार काढून घेतला. त्याच महिन्यात निक कलेक्शन हा उत्तम संच गूगलने फुकट वाटला आणि २०१७ मध्ये तो दुसऱ्या कंपनीला विकून टाकला. अ‍ॅपलचे अपर्चर तर फुकटही नव्हते. २०१४ मध्ये ते गुंडाळल्याची घोषणा झाली, आणि २०१९ नंतरच्या मॅकवर ते उघडतच नाही. अफिनिटी फोटो एकरकमी विकत मिळते म्हणून आम्हीही त्याची वाहवा करत होतो. ती कंपनी २०२४ मध्ये कॅनव्हाने घेतली, आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासून ते कॅनव्हाचे खाते उघडणाऱ्याला फुकट मिळू लागले. आनंद आहे, पण किल्ली पुन्हा दुसऱ्याच्याच खिशात. याउलट गिंप पाहा. बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये सुरू केले. ते दोघे केव्हाच दुसऱ्या कामाला लागले, पण प्रोग्रॅमची संहिता सर्वांना खुली असल्याने इतरांनी तो पुढे नेला, आणि मार्च २०२५ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली. मालक नाही म्हणून ते विकले जात नाही. डार्कटेबलमधली कारागिरी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण डार्कटेबल स्वतःच कुणाच्या परवानगीवाचून पुन्हा बसवता येते, हे त्यावरचे उत्तर. आणि तरीही, जे फोटो खरोखर मोलाचे आहेत त्यांची पुरी झालेली प्रत १६ बिटांच्या टिफमध्ये वेगळी काढून ठेवावी. ती कुठेही उघडते.

आणखी एक मुद्दा, जो इंग्रजी परीक्षणांत कधी सापडत नाही. आपल्याला फोटोखाली मराठीत ओळ लिहायची असते. पेनड्राइव्हवरून फिरणाऱ्या जुन्या फोटोशॉपमध्ये युनिकोड देवनागरी टाकली की जोडाक्षरांचे पाय मोडतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. मग कुठलासा जुना फाँट शोधायचा, त्याचा निराळा कीबोर्ड शिकायचा, असे उद्योग माणसे वर्षानुवर्षे करत आली. शिवजयंतीच्या चित्ररथांचे फलक त्या मोडक्या अक्षरांनी आम्ही किती पाहिले! गिंपमध्ये 'श्री' हे 'श्री' असेच उमटते. त्यासाठी कुठलीही कळ फिरवावी लागत नाही.

हे शिकायला अवघड आहे, अशी तक्रार येईल. येऊ दे, ती खरी आहे. डार्कटेबल पहिल्या दिवशी उघडले की विमानाच्या कॉकपिटमध्ये बसल्यासारखे वाटते आणि गिंपमध्ये काही गोष्टी उगाच आडवळणाच्या आहेत. जुन्या संगणकावर डार्कटेबल रेंगाळते, तिथे रॉथेरपी बरे. पण फोटोशॉप काय आईच्या पोटातून शिकून आलो होतो? तेही कुणीतरी शेजारी बसून दाखवले म्हणूनच आले. तसे शेजारी बसणे आमच्या छायाचित्र मंडळांनी या सॉफ्टवेअरांसाठी करावे. एक रविवार, एक खोली, चार लॅपटॉप, एवढेच लागते. त्याऐवजी कार्यशाळेच्या पत्रकावर "फोटोशॉप आवश्यक" असे छापायचे आणि ते कुठून आणायचे यावर मौन पाळायचे, हा ढोंगीपणा आता पुरे.

लग्नाचे अल्बम करून पोट भरणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांना डिझायनरकडून आलेली फाइल त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडावी लागते आणि भाडे गिऱ्हाइकाच्या बिलात निघते. त्यांच्याशी आमचे भांडण नाही. हौशी मंडळींना मात्र शेवटी फोटो छापूनच घ्यायचा असतो. लॅबवाला जेपेग मागतो, कागदाचा आकार विचारतो, ग्लॉसी की मॅट विचारतो. तो कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये केला, हे त्याने आम्हांला आजवर एकदाही विचारलेले नाही.